नदीवर किती रात्री

गेल्या हिवाळ्यात मी आणि माझी नणंद कनू, म्हणजे वल्ह्यांची होडी, घेऊन भीमेवर गेलो, काठावर तंबूत राहिलो आणि सुखरूप परत आलो. सांगण्यासारखं खरं तर एवढंच. पण किती रात्री राहायचं हे ठरवताना आणि ठरवून झाल्यावरही आमच्या घरात जे झालं, त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. हे शांतपणे सांगायचं असं मी बऱ्याचदा ठरवलं. जमत नाही. त्यामुळे जसं येतंय तसं सांगते.

नणंद म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. मी त्यांना वन्सं म्हणते. त्यांनी साठी ओलांडलीय. कर्जतला पोस्टात होत्या, तिथूनच निवृत्त झाल्या, आणि त्यांचे यजमान गेल्यापासून तिथंच एकट्या राहतात. मी नगरला, सावेडीत. एका सरकारी कचेरीत आस्थापना शाखेत माझी नोकरी झाली, म्हणजे दुसऱ्यांच्या रजा मंजुरीला लावण्यात माझी सगळी वर्षं गेली. माणसं रजा कशी मागतात, किती मागितली की किती हातात पडते, साहेब कुठल्या कारणाला मान हलवतात, हे मला तोंडपाठ होतं. तेच सगळं निवृत्तीनंतर स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर करावं लागेल, असं मात्र वाटलं नव्हतं.

कनूचं वेड आम्हाला सिद्धटेकला लागलं. दोघी दर्शनाला गेलो होतो. खाली उजनीचं धरण, त्याचं पाणी मागं चढत आलेलं, त्यामुळे पावसाळा सरला की तिथली भीमा तळ्यासारखी रुंद आणि शांत असते. देवळापासून जरा पुढं काठावर एका माणसानं दोन-तीन लांबट, उघड्या होड्या पालथ्या घालून ठेवल्या होत्या. दोघांनी पुढं-मागं बसायचं, दोघांच्या हातात एकेक वल्हं. इंजिन नाही, आवाज नाही. या होडीला कनू म्हणतात, हे त्यानंच सांगितलं. चाळिशीतला माणूस, जवळच्याच गावचा. नागापूरला एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये कामाला होता. ते बंद पडल्यावर गावी आला, कुठल्याशा क्लबनं काढून टाकलेल्या होड्या घेतल्या आणि हौशी लोकांना पाण्यावर फिरवायला लागला. तंबूही भाड्यानं द्यायचा.

वन्सं त्या होड्यांकडं बघत उभ्या राहिल्या. मग चपला काढल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, बसू या."

सुरुवातीला आम्ही नुसत्या जागच्या जागी गोल फिरलो. मागं बसलेल्यानं दिशा सांभाळायची असते आणि मागं मी होते. थोड्या वेळानं दोघींची वल्ही एकाच वेळी पाण्यात पडायला लागली आणि होडी सरळ निघाली. राखी रंगाच्या, डोक्यावर काळे पट्टे असलेल्या हंसांचा एक थवा पाण्यावर बसला होता. आम्ही त्यांच्या पलीकडून गेलो तरी एकही उडाला नाही. तासाभरानं काठाला लागल्यावर वन्संनी त्या माणसाला विचारलं, "हे घेऊन खाली आपल्या तालुक्यातल्या खेडपर्यंत जाता येतं का? वाटेत राहत राहत?"

"येतं की. लोक जात्यात," तो म्हणाला. "पन ताई, ते जरा..." आणि पुढचं त्यानं गिळलं. ते काय होतं ते आम्हाला पुढच्या वर्षी कळलं.

त्या वर्षात आम्ही जमेल तेव्हा सिद्धटेकला गेलो. वन्संना लहानपणापासून पोहता येत होतं. मला येत नव्हतं, मी या वयात नगरच्या तलावावर जाऊन शिकले. लाइफ जॅकेट घालून होडी मुद्दाम उलटवायची आणि पुन्हा सरळ करून तिच्यात चढायचं, हेही त्या माणसानं आमच्याकडून करून घेतलं. मग दिवाळी झाल्यावर एका दुपारी कर्जतला वन्संच्या स्वयंपाकघरात तुरीच्या शेंगा सोलत आम्ही बेत करायला बसलो.

"किती दिवस लागतील खेडला पोचायला?" मी विचारलं.

"पोचायचं सोड," वन्सं म्हणाल्या. "आपल्याला तिथं किती राहावंसं वाटतंय ते बघू. पहिला दिवस अंग दुखण्यात जाणार. दुसरा दिवस घरचा गॅस बंद केला होता का, पाण्याची मोटर कोण लावणार, याच्यात. तिसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर कुठं वाटेल की आपण नदीवर आहोत. मग त्याच्यापुढं एक तरी दिवस नको का, नुसता राहण्याचा?"

"म्हणजे चार रात्री."

"चार रात्री," त्या म्हणाल्या, आणि शेंगांची टोपली पुढं ओढली.

हे इतकं सहज झालं की त्यात काही विशेष आहे हे मला रात्री नगरला परत येताना एसटीत लक्षात आलं. वन्सं माहेरी, म्हणजे आमच्याकडं यायच्या तेव्हा किती दिवस राहायचं हे त्यांच्या सासरी ठरून यायचं. मी श्रीरामपूरला माहेरी निघाले की दिवस सासूबाई सांगायच्या. कचेरीत ते साहेब सांगायचे. बाळंतपणाला सुद्धा कधी जायचं आणि कधी यायचं हे दोन घरांतल्या मोठ्या माणसांनी आपसात बोलून ठरवलं होतं. कुठं किती दिवस राहायचं हा आकडा आम्हा दोघींनी आजवर कधी स्वतःच्या तोंडानं काढलेलाच नव्हता. वन्संनी तो शेंगा सोलता सोलता काढला.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी नवऱ्याला सांगितलं.

"नदीवर? चार रात्री?" त्यानं घास हातातच धरला. "एक रात्र ठीक आहे. हौस म्हणून."

"मी विचारत नाहीये. सांगतेय."

"मग मीही सांगतोच आहे," तो म्हणाला, आणि त्याला वाटलं विषय संपला.

तेवढ्यावर राहिलं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण जेवण झाल्यावर त्यानं घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, 'अक्का आणि तुमची आई नदीवर तंबूत राहायला निघाल्यात. चार रात्री म्हणतायत. कोणाचं काय मत?' आणि मग मतं यायला लागली. पुण्याहून मुलानं लिहिलं, 'दोन रात्री बास.' सुनेनं लिहिलं, 'आई, भारीच. पण आधी एक रात्र करून बघा ना.' चुलत दिरांनी लिहिलं, 'सकाळी जाऊन संध्याकाळी परत या, माझी गाडी देतो.' कोणीतरी मगरीचा फोटो टाकला. ती मगर कुठल्या देशातली होती कोण जाणे, आमच्या नदीतली नक्की नव्हती. मी एक एक मत वाचत होते आणि माझे कान तापत होते. बाजारात पालेभाजीच्या जुडीचा भाव पाडावा तसा आमच्या रात्रींचा भाव पाडणं चाललं होतं. आम्ही काय खाणार, तंबू कुठं लावणार, वारा कधी सुटतो, दोघींपैकी पोहता कोणाला येतं, यातलं एकाही माणसानं काही विचारलं नाही. प्रत्येकानं फक्त आपापला आकडा सांगितला. जणू रात्री त्यांच्या खिशातून जाणार होत्या.

मी कचेरीत जे बघितलं होतं त्यावरून मला ठाऊक होतं की अशा वेळी सात मागितल्या असत्या तर चार मिळाल्या असत्या. तसं करणं मला सोपं होतं. पण मी ते करायचं नाही असं ठरवलं, कारण तसं केलं की मंजुरी देणारं कोणीतरी आहे हे आपण कबूल करतो. मी ग्रुपवर लिहिलं, 'चार रात्री.' त्याखाली वन्संनी, ज्या ग्रुपवर एरवी फक्त सणाच्या शुभेच्छा पाठवतात, लिहिलं, 'हो. चार.'

मुलाचा लगेच फोन आला. "आई, अगं तिथलं पाणी किती घाण आहे माहितीये का?"

"माहितीये. ते येतं कुठून?"

"कुठून म्हणजे?"

"तुझ्या सोसायटीच्या मोरीतून. तुझ्याच शेजारच्या लाख घरांतून. तुम्ही तिकडं नळ सोडता आणि मला सांगता नदीवर जाऊ नको, घाण आहे."

मला वाईट वाटलं, त्याचा एकट्याचा त्यात काय दोष. पण जे म्हटलं ते मागं घेतलं नाही.

होडीवाल्याला फोन केला तर तिथं आणखी एक धक्का. "ताई, लेडीजचं पॅकेज एका रात्रीचंच असतं आपल्याकडं. आन एकदा साहेबांशी बोलतो मी. नंबर द्या त्येंचा."

"साहेब कशाला?"

"न्हाई म्हंजे, जबाबदारी असती..."

वर्षभर ज्या माणसानं आम्हाला होडी उलटवायला आणि सरळ करायला शिकवलं होतं, त्याला आता माझ्या नवऱ्याचा नंबर हवा होता. नवऱ्यानं कनूला कधी हातही लावलेला नव्हता. मी फोन ठेवून दिला. अशानं मी सगळा बेतच मोडला असता. वन्संनी तसं होऊ दिलं नाही. त्या दुसऱ्या दिवशी एसटीनं सिद्धटेकला गेल्या आणि त्याच्यासमोर बसून त्यांनी विचारलं, "एकच रात्र का? खरं कारण सांग."

तो आधी वाऱ्याचं बोलला. दुपारनंतर वारा सुटतो, रुंद पाण्यात लाटा उठतात. वन्सं म्हणाल्या, दुपारच्या आत काठाला लागू. मग तो म्हणाला, "पानी, ताई. नदीचं पिता येत न्हाई. दोघींला चार दिस पुरंल येवढं पानी होडीत भरलं तर तुमी बसनार कुठं?"

वन्संनी मला फोनवर हे सांगितलं तेव्हा मी पहिल्यांदा जरा शांत झाले. इतक्या आकड्यांमध्ये हे एक तरी खरंखुरं कारण होतं. लगेच मग त्याचाही राग आला. वन्सं लग्न होऊन कर्जतला आल्या तेव्हा सिद्धटेकला त्या याच नदीचं पाणी ओंजळीनं प्यायल्या होत्या. आता त्याच नदीवर राहायला जायचं तर पाण्याचा जार घरून न्यायचा, आणि किती दिवस राहता येईल हे त्या जारवर ठरणार.

पण त्यातून वाट निघाली. काठच्या गावांत आता जागोजागी फिल्टरच्या पाण्याच्या टाक्या झाल्यात. वाटेत मुक्कामाच्या दोन जागा होडीवाल्यानं सुचवल्या, जिथून गाव पायी जाण्याइतकं जवळ होतं आणि काठावर मासेमारांची वस्ती होती. एक जार होडीत, संपला की गावातून भरून आणायचा. रोज संध्याकाळी त्याला फोन करायचा. मधेच थांबावंसं वाटलं तर तो टेम्पो घेऊन होडी न्यायला येईल. चार रात्री त्यानं मान्य केल्या. जाताना एवढंच म्हणाला, "वारा सुटला तर मात्र हट्ट करू नका. काठाला बसून ऱ्हायचं."

निघालो त्या दिवशी नवरा सोडायला आला नाही. त्याचा फोन मात्र आम्ही काठ सोडायच्या आत आला. "कुठं आहात?" नंतर दर तासाला तोच प्रश्न. "कुठं आहात?" "पाण्यात." "पाण्यात म्हणजे कुठं?" शेवटी म्हणाला, लाइव्ह लोकेशन पाठव. मी नाही म्हटलं. वन्सं पुढून मान वळवून म्हणाल्या, "दे गं त्याला. लहानपणापासून तसाच आहे. नाहीतर झोपायचा नाही." मी वल्हं मांडीवर आडवं ठेवलं आणि चडफडत पाठवलं.

पहिला दिवस वन्सं म्हणाल्या होत्या तसाच गेला. दंड, पाठ, तळहात, सगळं बोलत होतं. काठावर उसाचे फड, मधे मोटारींचे पाइप पाण्यात उतरलेले. मुक्कामाला तंबू लावता लावता दोघींची भांडणं झाली, कारण एक काठी उरत होती आणि ती कुठं जाते ते दोघींनाही आठवत नव्हतं. छोट्या शेगडीवर पिठलं केलं. भाकरी वन्संनी घरूनच आणल्या होत्या. खाऊन जे आडवं झालो ते उजाडल्यावरच उठलो.

दुसऱ्या दिवशी जलपर्णीनं घात केला. नदीच्या अर्ध्या अंगावर हिरवी जाड चटई पसरलेली, तिच्यात होडी शिरली की वल्हं चालत नाही. वळसा घालत घालत जाताना वेळ गेला आणि आम्ही भर पाण्यात असतानाच वारा सुटला. लाटा काही फार मोठ्या नव्हत्या, पण होडी आडवी व्हायला लागली. वन्संनी दात आवळून ओढलं. मी मागून होडीचं तोंड सरळ धरलं. काठाला लागलो तेव्हा वन्सं हसत होत्या, पण उजवा हात वर उचलत नव्हता.

तिथं मासेमारांची चार-पाच पालं होती. एक बाई बाहेर जाळं साफ करत बसली होती. तिनं आमचा तंबू लावायला हात दिला, उरलेली काठी बरोबर जागी खोचली आणि विचारलं, "किती दिस ऱ्हानार?"

"बघू," वन्सं म्हणाल्या.

"ऱ्हा की," ती म्हणाली आणि जाळ्याकडं वळली. इतक्या दिवसांत हा प्रश्न विचारून उत्तरावर स्वतःचा आकडा न सांगणारं ते पहिलं माणूस होतं.

संध्याकाळी मी वन्संच्या खांद्याला तेल चोळत होते. त्या म्हणाल्या, "वहिनी, तुला राग येईल. उद्याचा दिवस इथंच राहू, पण संध्याकाळी आवरू या. खांदा ऐकत नाहीये."

मला राग आला नाही, पण हिरमोड झाला. मी म्हटलं, उद्या विश्रांती घ्या, परवा बघू. त्या म्हणाल्या, "परवा काय बघायचं? चार मीच म्हटलं होतं ना? आता दोन पण मीच म्हणतेय. तुझं काय ते सांग. तुला राहायचं असलं तर मी वल्हं न मारता बसून राहीन."

मी विचार केला. त्या कळ सोसत समोर बसल्यात आणि मी मागून वल्हं मारतेय, असं मला नको होतं. "ठीक आहे," मी म्हटलं. "उद्याची सकाळ मनासारखी घालवू आणि संध्याकाळी निघू." होडीवाल्याला दुपारी फोन करायचा असं ठरलं. वाईट वाटत होतं, तरी मन स्वच्छ होतं. दोघींनी समोरासमोर बसून, एकमेकींचं ऐकून ठरवलं होतं.

तिसरी सकाळ खरोखर तशीच उजाडली जशी वन्संनी सांगितली होती. मी उठले तेव्हा घराची एकही गोष्ट डोक्यात नव्हती. पाण्यावर पातळ धुकं होतं, पलीकडं उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांची लांब रांग, आणि मासेमार बाईचा नवरा गोल टोपलीसारख्या होडीतून जाळी काढत होता. वन्सं डावा हात कपाभोवती धरून चहा पीत होत्या.

मागच्या बांधावर गाडीचा हॉर्न वाजला.

नवरा उतरून येत होता. बूट चिखलात रुतत होते, तरी झपाझप येत होता. फोन हातात, त्यावर आमचंच लोकेशन. जवळ आला आणि म्हणाला, "चला, आवरा. दोन रात्री झाल्या. हौस फिटली ना आता?"

"तुम्हाला कोणी बोलावलं?" मी विचारलं.

"बोलवायला कशाला लागतं? पहाटे उठून आलोय. काल वारा होता इकडं, मी बघितलं हवामानात. होडीवाल्याला फोन केलाय, टेम्पो निघालाय त्याचा."

म्हणजे त्यानं होडीवाल्यालाही परस्पर सांगितलं होतं आणि त्या माणसानंही आम्हाला एक फोन न करता टेम्पो काढला होता. साहेबांचा नंबर शेवटी त्याला मिळालाच. आणि सगळ्यात वाईट हे, की मला 'आम्ही येत नाही' असं म्हणता येईना. आम्हाला यायचंच होतं. वन्संचा खांदा सुजला होता. गाडीत बसले तर त्याचं ऐकल्यासारखं होणार होतं, न बसावं तर त्या माउलीचे हाल. राहणं तर त्यानं मोडलंच, परत येणंही आमचं ठेवलं नाही.

वन्संनी कप खाली ठेवला. "बस आधी," त्या भावाला म्हणाल्या. "माझा खांदा दुखतोय. आम्ही कालच ठरवलंय, आज संध्याकाळी निघायचं."

त्याचा चेहरा एकदम उजळला. "मग झालं की. तुम्हालाही यायचंच होतं. मग ही भांडतेय कशासाठी?"

हे वाक्य मी जन्मात विसरणार नाही. त्याला खरंच कळत नव्हतं, आणि न कळण्याची त्याला जराही लाज नव्हती.

"संध्याकाळी म्हटलं मी," वन्सं म्हणाल्या. "आता सकाळ आहे."

"अक्का, संध्याकाळपर्यंत मी इथं काय करू?"

"तू काय करायचं ते तू बघ. चहा हवाय का?"

मग त्यांनी होडीवाल्याला फोन लावला. स्पीकरवर होता, मी ऐकत होते. तो म्हणाला, "ताई, साहेब म्हनले की लगेच..."

"होडी भाड्यानं कोणी घेतलीय?"

"तुमी."

"मग टेम्पो मागं फिरव. संध्याकाळी ये. आणि पुन्हा काही ठरवायचं असलं तर मला फोन करायचा."

"व्हय ताई," तो म्हणाला.

मी कनू पाण्यात ढकलली. वन्संना पुढं बसवलं, त्यांचं वल्हं काठावरच ठेवलं. एकटीनं वल्हं मारत मी काठाकाठानं होडी नेली. एकटीनं सरळ नेणं अवघड असतं. एक हात या बाजूला, एक त्या बाजूला, आणि दर वेळी तोंड जरा वळतंच. रागानं मी सुरुवातीला इतक्या जोरात ओढत होते की वन्संच्या अंगावर पाणी उडालं. "सावकाश," त्या म्हणाल्या. "आपल्याला कुठं पोचायचं नाहीये." रोहित पक्ष्यांच्या जवळ जाऊन मी होडी नुसती तरंगत ठेवली. चोच पाण्यात बुडवून ते मागं-पुढं डुलत चरत होते. त्यांच्यातले काही अजून करडे होते, गुलाबी झालेले नव्हते. वन्सं हात मांडीवर ठेवून बघत बसल्या. मीही बघितलं, पण खोटं कशाला सांगू, दर थोड्या वेळानं माझी नजर काठाकडं जात होती. बाभळीखाली तो दिसत होता. ती सकाळ त्यानं माझ्यापुरती तरी नासवलीच.

वारा सुटायच्या आत परत आलो. त्यानं आमचा चिवडा संपवला होता. मासेमार बाईनं त्याला बसायला एक उलटा क्रेट दिला होता. तो वन्संकडं बघून जरा खालच्या आवाजात म्हणाला, "अक्का, फार दुखतोय का गं?"

"दुखतोय."

"मग थांबलीस कशाला?"

"थांबायचं होतं म्हणून," वन्सं म्हणाल्या, आणि तंबूत जाऊन झोपल्या.

संध्याकाळी टेम्पो आला, होडी चढवली, तंबू गुंडाळला. होडीवाला माझ्या नजरेला नजर देत नव्हता. गाडी राशीनच्या रस्त्याला लागली आणि नवऱ्यानं पहिला फोन मुलाला लावला. "आणलं रे दोघींना," तो म्हणाला.

"गाडी थांबवा," मी म्हटलं.

त्यानं थांबवली. मी त्याच्या हातातून फोन घेतला. "हे बघ," मी मुलाला म्हटलं, "आम्हाला कोणी आणलेलं नाही. आम्ही दोन रात्री राहिलो, तिसऱ्या दिवशी आमच्या वेळेला निघालो. तुझे बाबा गाडी घेऊन तिथं होते, म्हणून गाडीत बसलो."

"बरं, आई," मुलगा म्हणाला. लहान मुलाला म्हणतात तसं.

त्यानंतर महिनाभर जो भेटेल तो विचारायचा, "किती रात्री राहिलात?" दोन म्हटलं की म्हणायचा, "बघा, म्हटलं नव्हतं?" ज्यांनी दोन सांगितल्या होत्या त्यांना आपण बरोबर ठरलो असं वाटलं. ज्यांनी एक सांगितली होती त्यांनाही तसंच वाटलं. खांदा, जलपर्णी, वारा, आमचं दोघींचं बोलणं, हे सगळं ऐकायला कोणी थांबत नव्हतं. मी काही दिवस सांगून बघितलं, मग सोडलं.

नवऱ्याशी मी बरेच दिवस कामापुरतं बोलत होते. एका संध्याकाळी तो स्वतःहून म्हणाला, "त्या दोन्ही रात्री मला झोप नव्हती. सारखा तो ठिपका बघत होतो, हलतोय का, थांबलाय का."

ते खरं होतं. त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मी म्हटलं, "मग फोन करायचा. विचारायचं, मी येऊ का. आम्ही नाही म्हटलं असतं किंवा ये म्हटलं असतं."

"स्वतःच्या बायकोकडं आणि बहिणीकडं जायला विचारून जायचं? ते काय परक्याचं घर आहे?"

तो तंबू आमचा होता, त्यात काय शिजवायचं, कधी उठायचं आणि कधी गुंडाळायचा हे आमचं होतं, आणि दोन रात्रींपुरतं का होईना ते घर आमचं होतं. तिथं तो पाहुणाच होता. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "तुला वाद घालायचाय." मी म्हटलं, हो, घालायचाय.

वन्संच्या खांद्याचे व्यायाम चालू आहेत. हात आता डोक्यापर्यंत जातो. होडीवाल्यानं मध्यंतरी त्यांना फोन केला होता, मला नाही. म्हणाला, खेडच्या खालचं पाणी आणखी रुंद आहे, पक्षीही जास्त. आणि जाता जाता म्हणाला की लेडीज पॅकेज आता बंद केलंय, सगळ्यांना सारखंच ठेवलंय. वन्संना त्याचं कौतुक वाटलं. मला वाटलं, यात कौतुक कसलं.

पुढच्या हिवाळ्यात जायचं हे नक्की आहे. किती रात्री ते खांद्यावर अवलंबून आहे, म्हणून अजून बोललेलो नाही. एका गोष्टीवरून मात्र आमचं दोघींचं जुळत नाही. वन्संचं म्हणणं, भावाला आधी सांगू, बिचारा काळजी करतो. माझं म्हणणं, पाण्यात उतरल्यावर सांगू.